स्थावर धोंड

पाळकसाहेबांनी भरसभेत "ही जबाबदारी कोण घेईल?" असं विचारलं असताना माणसानं घसा खाकरू नये, हे शहाणपण मला चोपन्नाव्या वर्षी आलं. मी काही बोलायचं म्हणून खाकरलो नव्हतो. पुढच्या बाकावरच्या बाईंनी अंगभर अत्तर शिंपडलं होतं, ते घशात गेलं. पण पाळकसाहेब दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा! देवानं माणूस दिला!" आता देवाच्या नावावर एकदा जमा झालेला माणूस परत कसा मागणार?

जबाबदारी म्हटली तर एवढीशी. रविवारच्या शाळेच्या बाई न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या होत्या. ईस्टर तीन आठवड्यांवर आला होता आणि तोवर अकरा मुलांना ईस्टरचा अर्थ समजावून सांगायचा होता.

"पोरंच तर आहेत," मी घरी येऊन म्हटलं.

"म्हणूनच म्हणते, जपून," बायको म्हणाली. "मोठी माणसं न कळता मान डोलावतात. पोरं विचारतात."

मी हसलो. सत्तावीस वर्षं मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसतो आहे. नळाला पाणी नाही म्हणून रिकामी बादली आपटत आलेली माणसं मी हसतमुखानं परत पाठवली आहेत. पाणी देणं माझ्या हातात नसतं; उत्तर देणं असतं, आणि ते मी असं देतो की घरी पोचेपर्यंत आपल्याला उत्तर मिळालेलं नाही हे माणसाच्या लक्षात येत नाही. अकरा पोरांची काय कथा!

शिवाय माझ्याकडे हुकमी हत्यार होतं. गाऊन सांगितलेल्या उपदेशाचा मला लहानपणापासून नाद. नुसता बोलून केलेला उपदेश मला अळणी लागतो. आधी वचन, मग त्यावर एक ओळ, मग दाखला, मग तीच ओळ वरच्या सुरात, की देवाची गोष्ट कशी थेट काळजात उतरते! असा गाणारा उपदेशक भेटला तर मी तीन-तीन तास जेवणाची आठवण काढत नाही. बायको म्हणते, एरवी मात्र दर दीड तासानं काढतात. ते असो. मी स्वतःही थोडंफार रचतो आणि गातो. लोक ऐकतात. दारं बंद असली तर शेवटपर्यंत ऐकतात.

पहिल्या रविवारी मी मुलांना विचारलं, "ईस्टर म्हणजे काय?"

"चॉकलेटची अंडी!" दहा तोंडं एकदम.

"आणि ससा," शेंबडी जुळी म्हणाली.

"ससा अंडी घालतो का?" मी सहज म्हणून विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं ख्रिस्ती धर्माच्या हातून निसटली. एकाच्या मामांनी म्हणे प्रत्यक्ष पाहिलं होतं. शेवटी मी सूर लावला आणि सगळं आख्यान गाऊन सांगितलं: वधस्तंभ, कबर, तिच्या तोंडावर लोटलेली भलीमोठी धोंड, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बाया येऊन पाहतात तो धोंड बाजूला, कबर रिकामी, येशू उठलेला! मी रचलेली ओळ तर मुलांनी लगेच उचलली:

धोंड म्हणाली, मी नाही हलणार,
पहाट म्हणाली, मी नाही थांबणार!

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात अकरावं तोंड उघडलं. नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, नाकावर चष्मा, मांडीवर वही. तिला सगळे वकीलबाई म्हणत. कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"काका, गाण्यात विचारू की साधं?"

"साधं विचार, बाळ."

"येशू तिसऱ्या दिवशी उठला. माझी आजी जाऊन बासष्ट दिवस झाले. मग ती का नाही उठली?"

ती आजी मला चांगली ठाऊक होती. माझ्या गाण्याला चुकीच्या जागी ठेका धरायची, पण शेवटपर्यंत धरायची. मुलगी चिडून विचारत नव्हती की रडून विचारत नव्हती. पेन्सिल वहीवर टेकवून उत्तराची वाट बघत होती.

आणि माझ्या तोंडून, देव मला क्षमा करो, सत्तावीस वर्षांची सवय बोलली. "तुझा प्रश्न विचाराधीन आहे."

"किती दिवसांत उत्तर मिळतं?"

"ईस्टरपर्यंत."

तिनं ते तारखेसह लिहून घेतलं.

शाळा सुटल्यावर तिला न्यायला बाप आला होता. तो फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होता, डोक्यावर हेल्मेट तसंच. आई गेल्यापासून त्यानं चर्चच्या आवारात पाय टाकला नव्हता. मी म्हटलं, "या की आत." तो म्हणाला, "हेल्मेट काढलं की केस विस्कटतात." हेल्मेटखाली काय होतं ते मी पाहिलेलं आहे. विस्कटायला आधी केस लागतात.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता थांबली. "अहो, लेकरानं साधा प्रश्न विचारलाय. साधं उत्तर द्या."

"साध्यानं नाही भागायचं," मी म्हटलं. "प्रत्यक्ष दाखवायला हवं. कबर बांधतो. धोंड करतो. ईस्टरच्या पहाटे मुलांच्या हातानं ती लोटवतो. आत रिकामी कबर बघितली की तिला आपोआप कळेल."

"कळलं. उत्तर येत नाही म्हणून सामान जमवताय."

बायकोचं बोलणं कधी कधी लागतं. विशेषतः खरं असलं की.

मी पुठ्ठ्याची धोंड करायला घेतली. गॅलरीत चक्क गोल कापत बसलो असताना वरच्या मजल्यावरचे निवृत्त ठेकेदार कठड्यावरून वाकले. ठेकेदारांनी उभ्या आयुष्यात तीन पूल आणि एक टाकी बांधली आहे, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत असल्यामुळे ते कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी खाली येतात.

"काय चाललंय?"

"येशूच्या कबरेवरची धोंड."

"पुठ्ठ्याची?" त्यांच्या आवाजात एवढं दुःख होतं की मला शरमल्यासारखं झालं. "अहो, देवाचं काम! वारा आला तर तिसरा दिवस उजाडायची वाट बघणार नाही ती. पहिल्याच दिवशी उडेल."

त्यांच्या ओळखीच्या गोदामात वीजतारा गुंडाळायचं एक मोठं लाकडी रीळ पडून होतं. त्याच्या एका बाजूची चकती माझ्या छातीएवढी उंच. "हिला लोखंडी जाळी ठोकू, वर सिमेंटचा हलका हात मारू. जातं जसं उभं गडगडतं ना, तशी गडगडेल."

ठेकेदारांचा हलका हात म्हणजे काय हे मला पूल बघून कळायला हवं होतं. पहिला थर हलका होता. मग खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "भाकरीसारखी दिसते." म्हणून दुसरा थर. मग चित्रकलेचे मास्तर म्हणाले, दगडाला पोत हवा, म्हणून खडी. मग ठेकेदार स्वतःशीच म्हणाले, "एवढं केलं तर मागची बाजू का उघडी ठेवायची?" आठवड्याअखेर हातगाडीवरून ती चर्चच्या आवारात न्यायला सहा माणसं लागली, आणि त्यातल्या दोघांनी पुढे माझ्याशी बोलणं कमी केलं.

आवारात उत्तरेच्या भिंतीला लागून उंचवटा आहे. तिथून जमीन उतरत उतरत फाटकाकडे जाते. उंचवट्यावर आम्ही बाकं आडवी लावून, वर ताडपत्री टाकून, मातीनं लिंपून कबर केली. तोंडाशी धोंड उभी केली, खाली दोन विटांची पाचर. खरं सांगतो, मी दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि माझे डोळे भरून आले.

"एकोणसत्तर," मागून आवाज आला. दुसरा रविवार होता. "काका, माझ्या प्रश्नाचं काय झालं?"

"कार्यवाही चालू आहे, बाळ. ही बघ कार्यवाही."

तिनं धोंडीला प्रदक्षिणा घातली, हात लावून बघितला. "धोंड छान आहे," ती म्हणाली. "उत्तर कुठंय?"

त्या दिवशी मला कळलं तिला वकीलबाई का म्हणतात.

इतक्यात आले सेक्रेटरीकाका. आमच्या चर्चचे सेक्रेटरीकाका जमिनीच्या नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले. चर्चमध्ये नवी केरसुणी आली तरी तिला क्रमांक मिळतो. त्यांच्याकडे दोन जाड नोंदवह्या आहेत: एक जंगम मालमत्तेची, एक स्थावर. त्यांनी काखेतून दोन्ही काढल्या आणि धोंडीकडे पाहिलं.

"ही नोंदली का?"

"नाटकापुरती आहे हो."

"आवारात आली म्हणजे नोंदायला हवी. जंगम म्हणजे जी एका माणसाला हलते ती. हलवून दाखवा."

मी खांदा लावला. मुलं जमली. मी दम धरून रेटा दिला. चपला मागं गेल्या, मी पुढं गेलो, धोंड होती तिथंच.

"स्थावर," सेक्रेटरीकाका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी ओळखला. फॉर्म जुळला की मलाही अगदी तस्साच होतो. त्यांनी तीन प्रतींत नोंद केली. खाली छापील मजकूर होता: स्थावर मालमत्ता पंचांच्या ठरावाशिवाय जागची हलवता येणार नाही. आणि मी? समोर तीन प्रतींतला कागद आला की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. एवढी सुबक नोंद सहीवाचून ठेवणं मला कसंसंच वाटलं. मी तिन्हींवर सही केली. त्यांनी धोंडीवर चिठ्ठी डकवली, वर लाख ओतून शिक्का मारला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे फार आदरानं पाहिलं.

घरी पोचून बूट काढताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"लोक पायावर धोंडा पाडून घेतात," बायको म्हणाली. "तुम्ही तो आधी घडवलात, गिलावा केलात, शिक्का मारून घेतलात आणि मग पाय खाली ठेवलात."

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीकाकांकडे गेलो. ते म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला. म्हणाले, हलवण्याचं प्रयोजन लिहिलं नाही. मी लिहिलं, "प्रभूचं पुनरुत्थान." ते म्हणाले, प्रयोजन उत्तम आहे, पण सातांपैकी पाच पंच हजर असल्याशिवाय ठराव होत नाही, आणि सणाच्या तयारीत सभा कुणाला बोलवायची? पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बरं, बरं, देव मार्ग काढेल." पाळकसाहेब असं म्हणाले की समजावं, त्यांना सेक्रेटरीकाकांची भीती वाटते. ठेकेदार म्हणाले, "फोडून टाकू." पण बोलताना त्यांचा हात धोंडीवरून असा फिरत होता की मला कसायासारखं वाटलं.

तिसऱ्या रविवारी, "शहात्तर." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की." तिनं वहीत एक रेघ मारली. "आमच्या नळाचं पण तुमच्याच कचेरीनं असं सांगितलं होतं," ती म्हणाली. मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं हे कुणालाही सांगितलेलं नाही, इतकं ते गंभीर होतं.

ईस्टरची पहाट. गार वारा, अजून पुरतं उजाडलेलं नाही, आवारात सगळी मंडळी जमलेली. अकरा मुलं दोरीमागं ओळीनं उभी, धोंड लोटायला आतुर. आणि धोंडीपुढं कोट घालून, नोंदवह्या छातीशी धरून सेक्रेटरीकाका.

"काका! खरंच शिक्का मारलाय आणि पहारेकरी पण आहे!" जुळी किंचाळली. "बायबलमध्ये होतं तस्सं!"

मुलांना वाटलं हा खेळाचाच भाग. टाळ्या पिटत त्यांनी सुरू केलं, "धोंड म्हणाली, मी नाही हलणार!" सेक्रेटरीकाका लाल झाले, पण तसूभर सरकले नाहीत.

मग तिथंच ओट्यावर पंचांची तातडीची सभा भरली. डॉक्टर होते, शिंपी होते, भाजीवाल्या मावशी होत्या, सेक्रेटरीकाका होते. ऑर्गनवाले पंच म्हणाले, "मी उठलो तर सूर कोण धरणार?" सहावे पंच गावाला गेलेले. सातव्या पंच म्हणजे पाय मोडलेल्या बाई. त्यांना फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"फोनवरचं मत लेखी नसतं," सेक्रेटरीकाका म्हणाले.

"पहिल्या ईस्टरला कुणी ठराव केला होता?" फोनमधून बाई कडाडल्या.

"त्यांच्याकडे देवदूत होता," सेक्रेटरीकाका म्हणाले. "आपल्याकडे नियम आहेत."

वाद रंगला. शिंपी एका बाजूला, डॉक्टर दोन्ही बाजूंना. मी बाजूला जाऊन कबरेच्या भिंतीशी बसलो. चाळीस मिनिटांचा गाणारा उपदेश पाठ केला होता, त्यातली एक ओळ आठवेना. शेजारी कुणीतरी येऊन बसलं.

"त्र्याऐंशी," वकीलबाई म्हणाली. "आज ईस्टर आहे."

मी धोंडीकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. सूर लावायला तोंड उघडलं, सूर आला नाही.

"बाळ," मी म्हटलं, "आजी आज उठणार नाही. उद्याही नाही."

तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. म्हणून मला पुढं बोलता आलं.

"बायबलात येशूला पहिलं फळ म्हटलंय. झाडाला पहिलं फळ धरलं तर आपल्याला काय कळतं?"

"झाड जिवंत आहे."

"आणि?"

तिनं विचार केला. "आणखी धरणार."

"बस्स, तेवढंच. तो पहिला उठला. आता त्याच्या माणसांना तो उठवणार. तुझ्या आजीला पण."

"कधी?"

सत्तावीस वर्षांत मी जे कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "मला माहीत नाही."

ओट्यावर कुणीतरी "उपकलम!" म्हणून ओरडलं.

"म्हणजे अजून विचाराधीनच?"

"नाही, नाही! मंजूर आहे. तारीख तेवढी पडायची आहे."

"सही कुणाची?"

"ज्याची कबर रिकामी आहे, त्याची."

तिनं वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. माझा चष्मा धुरकट झाला होता.

तेवढ्यात ओट्यावर टाळ्या झाल्या. ऑर्गनवाल्यांनी खिडकीतून हात वर करून पाचवं मत दिलं होतं, आणि सेक्रेटरीकाकांनी ते "आवारातून प्रत्यक्ष" म्हणून मान्य केलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं लाखेचा शिक्का उखडला, स्थावर वहीत तांबड्या शाईनं रेघ मारली आणि कोट काढला. "चला," ते म्हणाले, "आता ती जंगम आहे." आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच खांदा लावला.

अकरा मुलं, चार पंच, ठेकेदार आणि मी. ठेकेदारांनी विटा काढल्या. "हळूच," ते म्हणाले.

धोंड हलली. कबरेचं तोंड उघडं पडलं. आत रिकामं, स्वच्छ, पहाटेचा उजेड. मुलांनी "उठला! उठला!" म्हणून एकच कल्लोळ केला, आणि त्या आनंदात धोंड धरून ठेवायची असते हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

जातं गडगडतं तशीच गडगडली ती, ठेकेदारांचा शब्द खरा. उतारावरून आधी सावकाश, मग बिगीनं, फुलझाडांचा एक वाफा घेऊन, थेट फाटकाकडे. तिच्यामागं मुलं, मुलांमागं मी, माझ्यामागं सेक्रेटरीकाका, "नोंद! तिची नोंद व्हायची आहे!" ओरडत. धाडकन आवाज झाला. धोंड फाटकाच्या दोन्ही दारांना टेकून घट्ट बसली.

बाहेर स्कूटरवर बसलेल्या बापानं काय पाहिलं असेल देव जाणे: सिमेंटचा गोळा येतोय आणि मागून आपली पोर पळत येतेय. तो हेल्मेटसकट फाटकावरून चढून आत उडी टाकून आला आणि त्यानं पोरीला उचललं.

"लागलं का? कुठं लागलं का तुला?"

"नाही, बाबा. बाबा, ऐका ना. आजीचं मंजूर झालंय."

"काय?"

"उठायचं. तारीख नाही माहीत. काकांना पण नाही माहीत. पण मंजूर आहे."

तो माझ्याकडे वळला. मी तक्रारींच्या टेबलावरचा माणूस; रागावलेला चेहरा मला मैलावरून कळतो, म्हणून मी एक पाऊल मागं सरलो. पण हेल्मेटच्या काचेआडचा तो चेहरा मला ओळखता आला नाही. त्यानं फाटकाकडे पाहिलं, धोंडीकडे पाहिलं.

"उपदेश किती वेळ चालणार आहे?"

"गाऊन सांगणार आहे," मी चाचरत म्हटलं. "चाळीस मिनिटं तरी."

"तसंही फाटक बंदच आहे," तो म्हणाला, आणि त्यानं हेल्मेट काढलं.

ठेकेदारांनी पहारी मागवून साडेआठला फाटक मोकळं केलं. तो अकरा वाजता घरी गेला.